चौदा फूट

नकाशावर ती पट्टी हिरवी आहे.
मीच रंगवली गेल्या मंगळवारी,
पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

एके काळी अटलांटाच्या या कडेनं मालगाड्या जायच्या,
विटा, पीठ, कापसाच्या गासड्या घेऊन.
मग गाड्या थांबल्या. रूळ भंगारात गेले.
वीस वर्षं कुडझूचा वेल
सिग्नलचे खांब सावकाश गिळत राहिला.
आता तिथे काँक्रीटची गुळगुळीत वाट आहे,
बाबागाड्या, कुत्री, घामेजलेले टी-शर्ट,
आणि वाटेला लागून चौदा फूट मोकळी जागा,
जिच्यातून कधीतरी ट्राम जायची आहे.
त्या 'कधीतरी'ची आज सभा.

चर्चचं तळघर. कॉफी पातळ, खुर्च्या लोखंडी.
मी दारात उभा राहून टिकल्या वाटतोय:
हिरवी म्हणजे ट्राम हवी, लाल म्हणजे नको.
माणशी एकेक दिली, हवी ती लावा म्हटलं.

ऑर्विल स्टॅनफिल पहिल्या रांगेत.
त्या चौदा फुटांत त्यानं सत्तावीस रेडबड लावलेत,
एका कोरड्या उन्हाळ्यात
दुधाच्या रिकाम्या कॅननं पाणी वाहिलंय.
"रूळ टाकलेत तर यातली किती राहतील?"
उत्तर माझ्याकडे होतं. चार.
मी साहेबांकडे पाहिलं,
साहेबांनी कॉफीकडे.

मग व्हर्डेल हचिन्स उठली.
उठली म्हणजे आधी पुढच्या खुर्चीची पाठ धरली,
गुडघ्याची समजूत काढली,
आणि मग उठली.
"वाट चांगली झालीय," ती म्हणाली,
"माझा नातू तिच्यावरच सायकल शिकला.
पण मी काही पळत कामाला जात नाही.
इस्पितळाच्या चार मजल्यांची फरशी माझ्याकडे आहे.
दोन बस. पहिली चुकली की दुसरी चुकते.
वाट आली तशी भाडी वाढली,
भाडी वाढली तशी मी लांब गेले,
आणि लांब गेले तशी बस कमी झाली.
माझा बाप याच रुळांवर गँगमन होता.
पहारीनं रूळ सरळ करायचा, गाडी आली की बाजूला व्हायचा.
त्या गाडीत तो कधी बसला नाही,
मालगाडीत कोण बसवतं माणसाला?
मला बसायचंय."

टाळ्या पडल्या, पण अर्ध्याच हातांच्या.
कुणी खर्च काढला. कुणी विजेच्या बसचं सुचवलं.
मागून एक म्हातारा पुटपुटला,
"रूळ विकले, आणि आता गाडीची आठवण!"
ऑर्विल काही बोलला नाही.
हातातली टिकली बोटानं चाचपत होता.

साडेनऊला साहेब म्हणाले, चला, आता टिकल्या लावा.
रांग लागली, लहानशी ढकलाढकल.
मी मोजत होतो, एकसष्ट, अठ्ठावन्न,
आणि खुर्च्या उचलताना सापडल्या
तिसऱ्या रांगेत दोन टिकल्या, कागदासकट.
व्हर्डेल नऊ-दहाला गेली होती.
शेवटची बस.

दुसऱ्याचं मत आपण लावायचं नाही, असा नियम आहे.
मी त्या खिशात टाकल्या.

घरी जायच्या आधी टेप घेऊन वाटेवर गेलो.
दिव्याखाली एक बाई कुत्र्याची वाट बघत होती,
कुत्रं गवताची.
तिसऱ्या वळणापाशी गुडघ्यावर बसून
झाडापासून काँक्रीटपर्यंत मोजलं,
मग पुन्हा मोजलं, कारण विश्वास बसेना.
मार्ग दीड फूट वाटेकडे सरकवला
तर चाराची नऊ होतात.
अकरासुद्धा, वाट जरा अंग चोरेल तर.

अठरा मात्र जातील, किंवा सोळा.
हे ऑर्विलला कोण सांगणार,
आणि आणखी सहा वर्षं थांबायचं
हे व्हर्डेलला?

टेपवर दव पडलं होतं.
गुंडाळताना ती दोनदा अडकली.
मागच्या रस्त्यावरून एक बस गेली,
आत सगळे दिवे चालू,
आत कुणीच नाही,
पाटीवर लिहिलेलं: सेवेत नाही.