बुडखा

डेल्मर स्कोग्लंड म्हणतो, तो डोंगर नाहीच.
तो बुडखा आहे.
वायोमिंगच्या ह्या उघड्या माळावर
कधीकाळी एक झाड होतं,
त्याच्या सावलीत तीन तालुके बसले असते.

सत्तावीस वर्षं सॉमिलमध्ये काढली त्याने,
डाव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आला.
बुडखा मला कळतो, म्हणतो.
तू दगड बघतोस, मी तंतू बघतो,
पाइन उभा चिरला की दिसतात तसे,
बुडापासून सरळ वर.

त्याच्या गॅरेजमध्ये भिंतभर कॅलेंडरची पानं:
ॲरिझोना, युटा, आफ्रिकेतलं कुठलंसं,
सगळे सपाट माथ्याचे डोंगर.
प्रत्येकावर लाल पेन्सिलीने
राहिलेलं झाड काढलेलं.
कागद संपला तिथे फांद्या भिंतीवर गेल्यात,
एक तर थेट ट्यूबलाइटपर्यंत.

मी त्याच गिरणीत पाती घासायचो.
माझा प्रश्न साधा, धंद्यातला:
डेल्मर, कापलं कुणी?
करवत केवढी? धार कुणी लावली?
आणि एवढ्या झाडाचा भुसा गेला कुठे?

पिकअपच्या टपावर कोपर टेकून
तो पश्चिमेला बोट करतो, उरलेल्यातलं.
"नेव्हाडा," म्हणतो.
"वाळवंट वाळवंट म्हणता,
ते काय आहे तुमच्या मते?"

उन्हाळ्यात पार्कातली पोरगी
चिखलाची परात घेऊन मुलांना दाखवते:
वितळलेला खडक निवला,
निवताना आकसला,
आकसताना तडकला.
सहा बाजू का, तर तसं तडकलं की
कमीत कमी कष्टात सैल होता येतं.
चिखलाला हे कुणी शिकवलं नाही.
डेल्मर मागच्या बाकावर, टोपी मांडीवर.
शेवटी तीन बोटांचा हात वर करतो:
"आणि झाडाला कुणी शिकवलं?"
पोरगी गडबडते. मुलं वळून बघतात.
कुणाचं तरी आइस्क्रीम गळत असतं.

पंपावरची लव्हॉन मशीनकडे बघत म्हणाली,
माझ्या आजीकडे ते ओरखडे अस्वलाच्या नखांचे.
पण आम्ही पुरावे गोळा करत नाही.
जातो, कापड बांधतो, गप्प बसतो.
वीस डॉलर चाळीस.
डेल्मरने एकवीस ठेवले,
सुटे घेतले नाहीत.

मागल्या वर्षी एक चढणारा माथ्यावर जाऊन आला.
त्याच्या फोनमध्ये फोटो: गवत, थोडी झुडपं,
कॅमेऱ्याकडे बघणारी एक खार.
वलयं कुठेत? मी विचारलं.
गवताखाली, डेल्मर म्हणाला.
मग घर येईपर्यंत काहीच नाही.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही:
गिरणी बंद झाली त्या दिवशी
शेवटचा ओंडका त्यानेच पात्याला लावला.
बुडाकडचा तुकडा बाजूला घेऊन
वलयं मोजत बसला.
भोंगा वाजला. पोरं डबे घेऊन गेली.
एकशे चौऱ्यांशीपर्यंत आला, तिथे चुकला,
परत पहिल्यापासून.
दिवे मी घालवले, ते माझं काम होतं.
दार ओढून घेताना
आत बोट लाकडावर सरकत होतं,
ऐकू येत होतं.

काल एकटाच गेलो पायथ्याशी.
वरून निसटलेल्या खांबाचा एक तुकडा,
ओट्याएवढा, गवतात आडवा.
बाजू मोजल्या. पाच.
परत मोजल्या, पाचच.
गार, जड, दगड.
दगडच आहे तो, डेल्मर.

तरी निघताना अंगठा
कडेवरून आडवा फिरवला,
धार बघतात तसा.