सुपातला

डिक्रूझ सर गेले.
म्हणजे वारले नाहीत, मुलीकडे गेले, पेरांबूरला,
ट्रंक, म्हातारी कुत्री आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन.
शिट्टी मात्र राहिली खिळ्यावर
रेल्वे मैदानाच्या खोलीत, दारामागं.

रात्रीचे साडेदहा, तरी युसूफच्या हॉटेलापुढचा कट्टा
तव्यासारखा. पेपर टाकून बसलो अकराजण,
म्हणजे पुरी एक टीम,
फक्त खेळता न येणारी.

भुसावळात दोन गोष्टींवर एकमत होत नाही:
भरीत कुणाच्या हातचं
आणि कोच कोण.

तोताराम भारंबे, केळीचे व्यापारी,
वर्गणीत पहिले म्हणून बोलण्यातही:
"नाशिकचा माणूस आना. डिप्लोमा आहे, लॅपटॉप आहे."
"लॅपटॉप हेडर मारीन का?" हिलाल तडवी.
त्याला हवा सुकलाल, आपला जुना गोली.
"त्याले मैदान माहीत आहे भो,
चेंडू कुठी उसळतो, कुठी फुफाट्यात मरतो."
हाव, पण सुकलाल आता इंजिन चालवतो,
आज इटारसी, परवा बडनेरा,
सरावाला आला तर डब्यांसकट येईल.

मग कप मांडले गेले फरशीवर.
डाव्या बगलेला अर्धी बिडी,
गोलात साखरेचा डबा,
तसाही आपला गोली हलतो तेवढाच.
तिकीट खिडकीवरच्या सिंधू तायडे उभ्याउभ्या म्हणाल्या,
"सरांनी बारा वर्षं एकच डाव शिकवला.
लांब मारा आणि देवाचं नाव घ्या."
कुणी बोललं नाही.
भिंतीवरचा फोटो उलटा करावा
तसं झालं थोडा वेळ.

तेवढ्यात मालगाडी. अठ्ठावन्न वाघिणी.
आमच्याकडं गाडी जाईस्तोवर वाक्य
तोंडात धरून ठेवतात,
मग त्याच शब्दावरून पुढं.
शेवटची वाघीण गेली, आणि भारंबेंनी धरून ठेवलेलं सोडलं:
"...नाही तं मंग सुपडूलेच करा ना कोच!"

हसले सगळे. युसूफ गाळणं हातात धरून हसला.
साखरेचा डबा कलंडला, आणि एक गोल फुकटात झाला.
जात्यातले रडतात, सुपातले हसतात;
मी तर नावानंच सुपातला,
आईची तीन गेली म्हणून सुपात घालून ठेवलेला.
हसलो.
सगळ्यांचं थांबल्यावरही थोडा हसत राहिलो,
ते बरं दिसलं नाही.

बावीस वर्षं मी चेंडूत हवा भरतो.
पांढऱ्या फकीनं रेषा मारतो, जाळी शिवतो.
मला डाव कळत नाही.
एवढंच कळतं, की अक्रमचा बूट एक नंबर लहान आहे,
म्हणून तो कोपऱ्यापर्यंत पळत नाही, आत वळतो,
आणि लोक त्याला हावरा म्हणतात.
दुसऱ्या हाफात ऊन दीपनगरच्या धुराड्याकडून येतं
तेव्हा गोली डोळे मिटून उडी मारतो.
गणेश कोळी सकाळी काही न खाता येतो.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
कुणी विचारलं नाही, हे खरं,
पण मीही गाडी जायची वाट बघत बसलो
बावीस वर्षं.

साडेबाराला ठरलं,
गुरुवारी परत बसायचं.
चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर अजून एक बैठक झाली.

खोली उघडली. किल्ली माझ्याकडंच असते.
शिट्टी काढली खिळ्यावरून,
पितळेला अजून सरांच्या लवंगेचा वास.
ओठाला लावली नाही.
नुसती हलवली कानाजवळ.
आत वाटाणा वाजला,
पाखडून झाल्यावर सुपात
एकच दाणा राहावा तसा.

पाचला पोरं येतात.
सहा चेंडू भरायचे आहेत,
एकाचा व्हॉल्व्ह गेलाय.
शिट्टी खिशात आहे.
परत टांगायची राहिली.