माणशी सहाशे चाळीस

ऑफर आज रात्री बारापर्यंत.
माणशी सहाशे चाळीस पौंड,
बिनखिडकीच्या खोलीतून थेट सूट:
बाल्कनी, बटलर, उशांची वेगळी यादी.

यशोधन पाकिटाच्या पाठीवर भागाकार मांडतो.
सात रात्री, झोपेचे तास वजा,
"तासाला साडेअकरा पडतात गं.
आणि समुद्र काय, डेकवरूनही तोच."

मी काही बोलत नाही.
एकोणीस वर्षं साउदॅम्प्टनच्या गोदीमागच्या लाँड्रीत
याच जहाजांच्या चादरींच्या घड्या घातल्या मी.
सूटचे टॉवेल डोळे मिटूनही हाताला कळायचे,
जाड, आणि वाळायला हट्टी.
कधी कडेला लिपस्टिक, कधी कुठल्याशा बेटाची वाळू,
एकदा मोत्याचं एकच कानातलं.
परत केलं. सही घेऊन.

बाहेर भोंगा. उशिरा निघालं कुणीतरी.
"मग? नकोच ना?"
तो पेनाला टोपण लावतो.

अकराला दहा कमी.
मी चष्मा शोधते, कार्ड काढते.
"घे.
पण आधीच सांगून ठेवते,
ओला टॉवेल तिथं जमिनीवर टाकायचा नाही.
वाळत घालायचा.
बाल्कनी आहे ना."