मळी

दोन इंची पाइप, दीड हात,
मिरजेच्या स्टेशन रोडवरून आणलेला.
बुडाला टोपी. वरती उलटी बाटली,
गळ्याशी कापून, कडा काचपेपरनं घासून.
हवेची नळी सलाइनच्या सेटची.
मेडिकलमध्ये कामाला असलं की
मुदत संपलेलं सगळंच फेकावं लागत नाही.
तिच्या चाकावर अंगठा ठेवून
थेंब मोजता येतात. बुडबुडे नाहीत.

बुडबुडे हवेत मोहरीहून बारीक,
दुधासारखं दिसावं पाणी इतके.
बाजारातला दगड नुसती ढेकळं सोडतो.
म्हणून दस्तगीरचाचांकडे गेलो, सतारमेकर गल्लीत.
तुणीचा तुकडा द्या, आडव्या कापाचा,
फुंकर आरपार जाईल असा.
त्यांनी तो ओठांना लावून फुंकला,
डोळे मिटून ऐकत राहिले.
"सूर नाही याला. श्वास आहे.
घेऊन जा. मासे किती?"
दोन. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे.
समुद्र इथून एक घाट आणि पाच तास लांब,
मी तो पुड्यातून आणतो,
लिटरला पस्तीस ग्रॅम.

त्याच आठवड्यात आप्पा आले शिराळ्याहून
मोतीबिंदू काढायला.
उजव्या डोळ्यावर हिरवं फडकं,
डाव्यानं दिवसभर टाकीकडे बघणं.
चाळीस हंगाम चुलवाणापाशी उभा राहिलेला गुळव्या.
बोट बुडवलं, चाखलं.
"मीठ जास्त झालंया."
आप्पा, समुद्र आहे तो.
"असंल. तरी जास्त झालंया."

तीन दिवस फेस नाही.
चढायचा, बाटलीच्या गळ्याशी यायचा,
फुटायचा.
तुणीचा रंग सुटून पाणी चहासारखं.
मी नळी वर, नळी खाली,
रात्री दोनला कोपरापर्यंत ओला.
आप्पांनी उपाय सांगितला, भेंडीचा चिक.
उकळत्या रसात घातला की
मळी आपसूक गोळा होऊन वर येते,
शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं.
मी ओरडलोच. मासे मरतील!
ते गप्प झाले. जेवणं झाली, भांडी झाली,
मग अंथरुणावरून म्हणाले,
"नवी कढई पहिल्या आदणाला कुणाचं ऐकत न्हाई.
रापू दे तिला. तू झारा घेऊन अंगावर जातोयस."

पाचव्या पहाटे आवाज बदललेला.
घरघर जाऊन नुसती कुजबुज.
गळ्यातून फेस चढत होता, दाट, आळशी,
कडेवरून कपात कोसळत होता
आणि बसता बसता काकवीच्या रंगाचा होत होता.
वास म्हणाल तर
उपसलेल्या विहिरीचा, ओल्या मोज्यांचा.
पाण्यात हे सगळं होतं,
आणि मी त्याला स्वच्छ म्हणत होतो.

आप्पांनी फडकं वर केलं.
डॉक्टरांनी अजून दोन दिवस सांगितले होते.
नव्या डोळ्यानं कपात पाहिलं, मग टाकीत, मग माझ्याकडे.
मी बघितलंच नाही असं केलं.
"मळी चांगली पडतीया," म्हणाले
आणि फडकं खाली घेतलं.

गुऱ्हाळातली मळी खताला जायची.
म्हणून रोज सकाळी, मी दुकानात गेल्यावर,
ते कठड्याला धरून तीन जिने उतरायचे
आणि कप ओतायचे
वॉचमनच्या खोलीमागच्या कढीपत्त्याला.
आठ दिवस.
मला कळलं तेव्हा ते गावी पोचले होते
आणि झाड काड्यांवर आलं होतं.

आता संध्याकाळी सातला फोन.
पोरांची चौकशी मागाहून, आधी
"कशी पडतीया?"
दाट, मी सांगतो. काळपट. अर्धा कप.
"झाडाला घालतोस न्हवं?"
मी मोरीकडे बघतो.
घालतो, आप्पा.
"मग पाडव्यापतूर बघ.
खांद्याला लागंल."