जाड भिंत

लॅपटॉप अकरा वर्षांचा.
उजवी बिजागरी तुटलेली, तिला निळी चिकटपट्टी.
दहा दिवसांपूर्वी त्याला वायफाय दिसेनासं झालं,
मोतीबिंदूसारखं हळूहळू नव्हे,
एका सकाळी एकदम.

"आतलं कार्ड गेलं," बद्री म्हणाला.
"बदलायचं तर सगळं उघडावं लागेल,
आणि उघडल्यावर आणखी काय काय निघेल, सांगता येत नाही."
हे मला ठाऊक आहे.
जुन्या पियानोंच्या मालकांना मी हेच सांगते.

त्बिलिसीच्या स्टेशनखालच्या बाजारात त्याचं दुकान;
दुकान म्हणजे काचेची एक पेटी, एक स्टूल आणि बद्री.
त्यानं तीन अडॅप्टर पुढ्यात मांडले.
एक नखाएवढा, अठरा लारी, हरवण्यासाठीच जन्मलेला.
एक दोन शिंगांचा, नव्वद, खोक्यावर रॉकेट.
एक पांढरा, करंगळीएवढ्या अँटेनाचा, पस्तीस.
माझ्या पाकिटात साठ. त्यातले वीस गॅसचे.

मी रॉकेटकडे बघत होते, ते त्यानं पाहिलं.
फसवायचंच असतं तर तिथेच फसवलं असतं.
"त्सिसाना मावशी, वेग आहे त्याला, खोटं कशाला बोलू.
पण तुमचं पोर्ट जुनं. टाकी केवढीही असो,
तोटी अर्ध्या इंचाची.
राउटर कुठे आहे?"

भिंतीपलीकडे, म्झेविनारच्या घरी.
पासवर्डच्या बदल्यात मी वर्षातून दोनदा
तिचा पियानो जुळवून देते.

"भिंत केवढी?"
मी हातांनी दाखवली. विटांची, आजकालची पुठ्ठ्याची नव्हे.
"मग प्रश्नच मिटला. चपळ लहर भिंतीत अडकते,
संथ असते ती पार होते."

मला हसू आलं. पोरगं कुणाला शिकवतंय!
म्झेविनारची नात संध्याकाळी वाजवायला बसते,
तेव्हा तिचा उजवा हात माझ्यापर्यंत पोचतच नाही.
सगळी नक्षी, सगळी घाई तिकडेच राहते.
डाव्या हाताचे खर्जातले स्वर तेवढे
विटांमधून चालत येतात
आणि माझ्या कपाटातल्या पेल्यांना हात लावून जातात.

पांढरा घेतला.
बद्रीनं भिंगातून चिपचा नंबर वाचला.
"ओळखेल बहुतेक तुमचा लॅपटॉप."
आणि नाही ओळखलं तर?
"खोक्यात सीडी आहे."
सीडीचा कप्पा चार वर्षं उघडत नाही.
"मग ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घ्या."
यानंतर आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

शेवटी त्यानं पेनड्राइव्हवर भरून दिला.
"परत आणा हं, बहिणीचा आहे. तिला माहीत नाही."

घरी दोन पोर्टांतलं एक मेलेलं, दुसरं सैल.
अडॅप्टर सारखी मान टाकायचा.
पियानोच्या हातोडीवरून उतरवलेल्या फेल्टची
एक पट्टी कापून खाली सारली. बसला.
हिरवा दिवा आधी लुकलुकला, मग थांबला.
यादीत म्झेविनारचं नाव, चारातल्या दोन दांड्या.

निरोप उतरू लागले, पाय घासत, एकेक.
वीजबिल. भाचा लेवान. पुन्हा वीजबिल.
आणि टेकडीवरच्या बाईंचा, नऊ दिवसांपूर्वीचा:
गुरुवारी येऊ नका, पियानो विकला.

आज शुक्रवार.
काल मी गेले होते,
हत्यारांची पिशवी घेऊन, दोन बस बदलून.
बेल वाजवत राहिले. आत घंटी घुमत होती,
रिकाम्या खोलीत घुमते तशी. तेव्हाच कळायला हवं होतं,
कानावरच तर पोट माझं.

"ठीक आहे" असं लिहिलं. पुसलं.
"ज्यांनी घेतला त्यांना सांगा, खिडकीपाशी ठेवू नका."
पाठवलं.

पडद्यावर चाक फिरत राहिलं.
पलीकडे नातीनं डावा हात सुरू केला.