हाताएवढी जागा

मोंतेविदेओ. ऑगस्टची थंडी.
एदेल्मिराबाईंनी खुर्ची हातगाडीवरून आणली.
उजव्या हातावर निळा डाग, लिंबाएवढा.
"शब्दकोडं सोडवता सोडवता डोळा लागायचा त्याचा.
पेनाला टोपण लावणं जन्मात जमलं नाही."

आधी बैठकीखाली, कुणाला दिसणार नाही तिथं
थेंबभर स्पिरिट लावून पाहिलं.
कातडं गप्प राहिलं.
मग कापसाचा बोळा, काठाकडून आत.
घासायचं नाही, नुसतं टिपायचं,
तापातल्या पोराचं कपाळ टिपावं तसं.
एक बोळा निळा. दुसरा निळा.
सातवा तपकिरी.
म्हणजे आता शाई नव्हे, खुर्चीच निघत होती.
थांबलो.

डाग गेला.
राहिला एक फिकट गोल,
बावीस वर्षांपूर्वीचा, दुकानातून नुकताच आल्यासारखा,
आणि भोवती
त्या माणसाच्या घामानं, तळव्याच्या तेलानं
काळवंडलेलं बाकी सगळं.
"रंग जुळवून देतो," म्हटलं, "दोन दिवस लागतील."

बाई बसल्या. मागे रेलल्या.
गोलावर तळवा ठेवून म्हणाल्या,
"राहू दे, अन्सेल्मो. तेवढं मी करीन.
मलाही आता बसायचंच आहे की.
पैसे मात्र निम्मेच देईन."