ताणावर बाग

मार्गशीर्षात बागेचं पाणी तोडलं.
व्हॉल्व्हचं चाक मीच फिरवलं, घट्ट,
आणि आठ दिवसांत ठिबकच्या नळ्या
उन्हात पडल्या पडल्या कडक झाल्या.

चारशे बारा झाडं, बेनोड्याच्या रस्त्याला, काळ्या मातीत.
त्यांना कुणी विचारलं नाही.

पुतणी गार्गी, नववीतली,
नखांचं बिनरंगी पॉलिश
संत्र्याच्या पानांच्या पाठीला लावत फिरते.
वाळलं की चिकटपट्टीनं सोलून
शाळेतल्या एकुलत्या सूक्ष्मदर्शकाखाली धरते.
"काकू, हे सकाळचं पान, ओठ उघडे.
आणि हे दुपारचं."

मी एक डोळा मिटून बघते.
मिटलेले. शेकडो.
हूं नाही की चूं नाही.

मुळाला आधी कळतं म्हणे.
ते वर निरोप धाडतं
आणि पान दारं लावून घेतं,
घरातलं पाणी घरात राहावं म्हणून.
पण हवाही त्याच दारानं येते.
म्हणजे चूल पेटलेली, तवा लाल,
आणि पीठ उंबऱ्याबाहेर.

रिकामा तवा करपतो
हे मला कुठल्या धड्यानं शिकवायला नको.
म्हणून पान कडा वर वळवतं, द्रोणासारखं होतं,
उन्हापुढे जरा अंग चोरतं.
दिवसभर उजेड सांडत राहतो बागेत,
भरून घ्यायला कुणी नाही.

गार्गीच्या वहीत एकच ओळ:
प्रकाशसंश्लेषण मंदावते.

उकंडराव वही बघत नाही, पहाटे येतो.
"दुपारी तं सारेच मान टाकतेत, पोरी.
सक्कायी बी मान वर झाली नाही
तवा समज, ताण बसला."
खाली गळलेली पानं पायानं सारतो,
माती मुठीत चुरतो, आणि म्हणतो, अजून चार दिवस.

चार दिवस.
मी विहिरीकडे बघायचं टाळते.

मग आंबवणी, मग चिंबवणी,
आणि बाग पांढरी झाली,
मोटारसायकलवाले रस्त्यात थांबून वास घेऊ लागले.

बांधाकडचं एक झाड तेवढं नुसतंच हिरवं.
तिथे नळीच्या जोडाला, व्हॉल्व्हच्या अलीकडे,
थेंब थेंब गळत होतं महिनाभर.
मला दिसलं होतं.
पाना हातात होता.

"याची दारं भर दुपारी उघडी कशी?"
गार्गी विचारते, पान उलटं धरून.

मी भाकरी सोडते.
दुपारी मी तिथेच जेवते, त्याच्या सावलीत.